काही महिन्यांत कमर्शियल लायसन्स आणि पुढे कॉर्पोरेट जेट: वेगवान कोर्स घ्यावा का?

प्रश्न: उजवी_सीट

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत राहतो, ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे नोकरीच्या परवान्याची अडचण नाही. सॉफ्टवेअर सोडून वैमानिक व्हायचं ठरवलंय. एअरलाइनपेक्षा एखाद्या कंपनीच्या खासगी जेटवर काम करायची फार इच्छा आहे. एक शाळा शून्यापासून इन्स्ट्रक्टर रेटिंगपर्यंत (विमान शिकवायच्या परवान्यापर्यंत) सगळं काही महिन्यांत करून देते, रोज उड्डाण, पैसे आगाऊ. हा मार्ग घ्यावा का? आणि २५० उड्डाणतासांवर कॉर्पोरेट नोकरी मिळते का?

उत्तर: हँगर_नंबर_तीन

आधी फर्स्ट क्लास मेडिकल (वैमानिकांची सर्वात कडक वैद्यकीय तपासणी) करून घ्या, मगच शाळेचं बघा. आणि सगळे पैसे एकदम भरू नका. शाळा बंद पडली तर ते परत मिळणं फार अवघड असतं. टप्प्याटप्प्याने भरायची सोय मागा.

उत्तर: सायटेशनवाली

मी किंग एअर या पंख्याच्या (टर्बोप्रॉप) विमानावरून सायटेशन जेटवर आले, आता एका कंपनीच्या विमानाची कॅप्टन आहे. त्याआधी इन्स्ट्रक्टर होते आणि अशा कोर्सचे विद्यार्थी शिकवलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेळ नेमका कुठे वाचतो ते बघा. अमेरिकी विमान नियमांच्या पार्ट ६१ खाली कमर्शियलला (पैसे घेऊन उडवायच्या लायसन्सला) २५० तास लागतात, मान्यताप्राप्त शाळांच्या पार्ट १४१ अभ्यासक्रमात १९०. रोज उडून हा टप्पा लवकर संपतो. पण चार्टरमध्ये, म्हणजे पार्ट १३५ खाली, आयएफआर (ढगांतूनही उपकरणांच्या आधारे होणाऱ्या) उड्डाणाचा कॅप्टन व्हायला किमान १,२०० तास हवेत. कंपनीचं स्वतःचं विमान बहुधा पार्ट ९१, म्हणजे उड्डाणाच्या सर्वसाधारण नियमांखाली उडतं. तिथे कायदा एवढे तास मागत नाही, विमा कंपनी मागते, आणि तिच्या अटी बऱ्याचदा कायद्याहून कडक असतात. तेव्हा २५० तासांवर थेट जेटची नोकरी क्वचितच कुणाला मिळते. मधले हजारेक तास बहुतेक जण शिकवूनच जमवतात, आणि त्या काळाला शाळेच्या वेगाचा काही उपयोग नाही.

तरी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायची परवानगी) मात्र सलग आणि वेगानेच करा, याबाबत माझं मत ठाम आहे. होल्डिंग (ठरल्या जागी घिरट्या), आयएलएस (रेडिओ संकेतांवर उतरणं), मिस्ड अप्रोच (न उतरता परत वर जाणं), एकीकडे हातात विमान आणि दुसरीकडे कानात कंट्रोलर. आठवडाभर खंड पडला की नजर उपकरणांवरून फिरेनाशी होते आणि पुढचा धडा मागचंच गिरवण्यात जातो. रोज उडलात की ते अंगात मुरतं. लेखी परीक्षा आधीच देऊन जा, म्हणजे कोर्सचे दिवस फक्त उडण्यासाठी राहतील.

प्रायव्हेटला, म्हणजे पहिल्या खासगी लायसन्सला, घाई नको. क्रॉसविंडमधलं (आडव्या वाऱ्यातलं) लँडिंग, ढग खाली येताना बघून परत फिरणं, ‘आज नको’ म्हणणं, हे वेगवेगळ्या हवामानात उडूनच येतं. सोलोवरून, म्हणजे एकट्याच्या उड्डाणावरून, वेळीच परत फिरलेला विद्यार्थी दिसला की मला फार समाधान वाटायचं.

आता चेकराइड, म्हणजे परीक्षकासोबतचं परीक्षेचं उड्डाण. वेगवान कोर्समध्ये बऱ्याचदा परीक्षकाची तारीख आधीच घेतलेली असते आणि विद्यार्थी कच्चा असला तरी कधीकधी त्याला पाठवलं जातं. नापास झालात तर ती नोंद एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाकडे) राहते आणि पायलट रेकॉर्ड्स डेटाबेसमधून पुढे नोकरी देणाऱ्यासमोर येते. एकदा नापास झाल्याने काही बिघडत नाही. पण ओळीने तीन-चार नोंदी असल्या की मुलाखतीत त्यावरच बोलणं चालतं. म्हणून शाळेला लेखी विचारा: मी तयार नसेन तर तारीख पुढे ढकलाल का, आणि जादा तासांचे पैसे कोण भरणार?

शाळा निवडताना तिच्या विमानतळावर जेट उभी असतात का तेही बघा. कॉर्पोरेट नोकऱ्या बऱ्याचशा ओळखीवर मिळतात. दुसरा वैमानिक आजारी पडला की चीफ पायलट आधी ओळखीच्या माणसाला फोन करतो. कामाचीही कल्पना असू द्या: बॅगा चढवणं, कॉफी-बर्फाची सोय, केबिन साफ करणं, तासन्‌तास थांबणं, हे सगळं वैमानिकांकडेच येतं. मालकाने विमान विकलं तर नोकरीही जाते. मला हे काम मनापासून आवडतं, पण हे माहीत असून आलेलं बरं.

उजवी_सीट

खूप आभार. अजून एक. एक जण पैसे घेऊन पीसी-१२ या एका इंजिनाच्या टर्बोप्रॉप विमानाच्या उजव्या (को-पायलटच्या) सीटवर बसवतो, टर्बाइन इंजिनाच्या विमानाचे तास मिळतील म्हणतो. घ्यावेत का?

सायटेशनवाली

नको. पीसी-१२ एका वैमानिकासाठी प्रमाणित आहे. दुसरा वैमानिक नियमाने लागत नसेल तर नुसतं बाजूला बसून को-पायलटचे तास सहसा लॉगबुकात लिहिता येत नाहीत. प्रवासी उतरवून पार्ट ९१ खाली रिकामं परतताना तुम्ही स्वतः विमान उडवलंत, आणि सिंगल-इंजिन लँड रेटिंग (जमिनीवर उतरणाऱ्या एक इंजिनाच्या विमानांचं) असलं, तर तेवढा वेळ मोजता येतो. ओळखीतून कुणी तशी संधी दिली तर जरूर घ्या, पण त्यासाठी पैसे मोजू नका. जेटचं टाइप रेटिंगही (त्या ठरावीक विमानाची वेगळी परवानगी) आत्ता स्वखर्चाने घेऊ नका. जेटला ते लागतंच, पण कमी तासांवर नुसत्या रेटिंगने विमा कंपनी राजी होत नाही. तेच पैसे मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानांच्या) इन्स्ट्रक्टर रेटिंगला लावा.