काय-स्क्वेअर टेस्टमध्ये टक्के टाकायचे की घरांची संख्या? दोन उत्तरं वेगळी येताहेत

कळव्याची_पोर

नमस्कार मंडळी, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्य) दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज ठाण्यातच. प्रोजेक्टचा विषय घरातला ओला-सुका कचरा वेगळा करणं. एका बाजूला घोडबंदर रोडच्या सोसायट्या आणि दुसऱ्या बाजूला किसननगर, लोकमान्यनगरकडच्या चाळी. नुसतं विचारलं नाही तर डबे पण बघितलेत, कारण "करतो की वेगळा" म्हणणाऱ्या घरातसुद्धा एकाच बादलीत कांद्याची सालं आणि दुधाची रिकामी पिशवी निघते.

खरे आकडे गाईडनी अजून पाहिले नाहीत म्हणून इथे सोपे करून टाकते. समजा सोसायट्यांत २०० घरं, त्यातली १४० वेगळा करतात, आणि चाळीत १५० घरं, त्यातली ८४. म्हणजे ७० टक्के आणि ५६ टक्के.

गाईड म्हणतात काय-स्क्वेअर लाव. मैत्रीण बीएस्सी स्टॅटची आहे, ती म्हणते दोन प्रपोर्शन (प्रमाणं) आहेत तर त्यांच्यातला फरक तपासणारी झेड टेस्ट लाव. आणि लायब्ररीत एका जुन्या प्रोजेक्टमध्ये सरळ ७०, ३०, ५६, ४४ असे टक्केच टेबलमध्ये टाकून काय-स्क्वेअर काढलेला दिसला. तसं केलं तर ४.२० येतं, घरांची संख्या टाकली तर ७.२९ येतं. दोन्ही वेळा सिग्निफिकंटच (म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नाही), मग फरक काय पडतो? आणि मुळात ही टेस्ट करते काय ते कोणी सरळ भाषेत सांगेल का, सूत्र पाठ आहे पण आत काय चाललंय ते कळत नाही 🙏

ऐरोली_आकडे

ताई, टक्के टाकायचेच नाहीत. घरं टाकायची.

टेस्ट काय विचारते ते आधी बघ. घर सोसायटीत आहे की चाळीत याचा कचरा वेगळा करण्याशी काही म्हणजे काहीच संबंध नसता, तर टेबलाच्या प्रत्येक चौकटीत (सोसायटी/चाळ आणि वेगळा करतात/करत नाहीत अशा चार) किती घरं आली असती? एवढंच. दोन्हीकडची मिळून ३५० घरं, त्यातली २२४ वेगळा करतात, म्हणजे ६४ टक्के. संबंध नसेल तर हेच ६४ टक्के दोन्हीकडे दिसायला हवेत. २०० चे ६४ टक्के १२८, १५० चे ६४ टक्के ९६, आणि वेगळा न करणारे ७२ आणि ५४. हे झाले एक्स्पेक्टेड. तुला १२८ च्या जागी १४० मिळाले, ९६ च्या जागी ८४, चारही चौकटींत फरक १२ चाच. दोन बाय दोनच्या टेबलात तो नेहमी सारखाच येतो कारण आडव्या-उभ्या बेरजा ठरलेल्या असतात, एक चौकट भरली की उरलेल्या तीन आपोआप भरतात, डिग्री ऑफ फ्रीडम १ म्हणतात ते याच कारणाने. आता १२ चा वर्ग १४४, त्याला प्रत्येक एक्स्पेक्टेडने भाग, १.१२५, २, १.५, २.६७, बेरीज ७.२९. एका डिग्रीला ५ टक्क्यांची रेघ ३.८४ वर असते (संबंध नसताना याहून मोठं उत्तर शंभरात पाचेक वेळाच येतं), तू तिच्या बरीच वर आहेस, पी-व्हॅल्यू साधारण ०.००७. म्हणजे काहीच संबंध नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक हजारात सातेक वेळाच दिसला असता. हे एकदा कागदावर हाताने करून बघ, एक्सेल नंतर.

आता टक्क्यांचं. टक्के टाकलेस की तू टेस्टला सांगतेस की दोन्हीकडे बरोब्बर १००-१०० घरं बघितली. उन्हातान्हात ३५० घरं फिरलीस आणि टेस्टला २०० च दिसली. आणि याहून वाईट म्हणजे ३५ घरं केली असतीस किंवा ३५०० केली असतीस तरी टक्के तेच राहिले तर उत्तर ४.२० च येणार, म्हणजे किती घरं पाहिली ही माहितीच पुसली गेली, आणि पुरावा किती पक्का आहे ते तर त्यावरच ठरतं. समजा निम्मीच घरं केली असतीस, १०० पैकी ७० आणि ७५ पैकी ४२. टक्के तेच, ७० आणि ५६. घरं टाकून काय-स्क्वेअर येतं ३.६५, रेघेच्या खाली. टक्के टाकणारा मात्र ४.२० बघून सिग्निफिकंट लिहून मोकळा. तुझ्या बाबतीत दोन्ही उत्तरं एकाच बाजूला पडली हा योगायोग आहे, त्यावर विसंबू नकोस.

एक्सेलबद्दल एक, त्यातलं काय-टेस्टचं फंक्शन एक्स्पेक्टेड स्वतः काढत नाही, ते टेबल आपण करून द्यायचं, आणि ते उत्तर म्हणून थेट पी-व्हॅल्यू देतं. बरेच जण तोच आकडा काय-स्क्वेअर म्हणून छापतात.

आणि रिपोर्टमध्ये नुसतं ७.२९ लिहून थांबू नकोस गं. प्रभाग समितीच्या ऑफिसात कोणी वाचलं तर त्यांना त्यातून काय कळणार? फरक १४ टक्क्यांचा आहे, आणि ९५ टक्के खात्रीची रेंज साधारण ४ ते २४ टक्के, हे लिही. रेंज केवढी रुंद आहे ते बघ, ३५० घरं करूनसुद्धा.

नौपाडेकर

मैत्रीण आणि गाईड दोघंही बरोबर आहेत, भांडू देऊ नका त्यांना 🙂 दोन गट आणि हो/नाही असं उत्तर असेल तर त्या एकच टेस्ट आहेत. तुमच्या आकड्यांवर झेड येतो २.७०, त्याचा वर्ग केला की ७.२९. रेघेचंही तसंच, १.९६ चा वर्ग ३.८४. झेडला फरकाची दिशा कळते, काय-स्क्वेअरला नाही, आणि गट तीन-चार झाले (सोसायटी, चाळ, बैठी घरं वगैरे) की काय-स्क्वेअरच घ्यावा लागतो.

पण हे जुळणं एकेकाळी मोठ्या मोठ्या लोकांनाही जमत नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पीअरसनने १९०० मध्ये काय-स्क्वेअर टेस्ट मांडली तेव्हा दोन बाय दोनच्या टेबलाला तो ३ डिग्री धरायचा. १९१५ मध्ये ग्रीनवूड आणि यूल टायफॉइड-कॉलराच्या लशींचे आकडे तपासत होते, लस घेतलेले आणि न घेतलेले, आजारी पडलेले आणि न पडलेले, म्हणजे तुमच्यासारखंच टेबल, आणि त्यांना या दोन पद्धतींनी (प्रमाणांतला फरक आणि काय-स्क्वेअर) वेगवेगळी उत्तरं यायला लागली. १९२२ मध्ये फिशरने दाखवलं की डिग्री १ च धरायची, तेव्हा कुठे हिशोब जुळला. ३ डिग्रीला रेघ ७.८१ वर असते, म्हणजे तुमचे ७.२९ पीअरसनच्या हिशोबाने नापास झाले असते!

अजून एक, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत तर ६.७० येईल, घाबरू नका. ते दोन बाय दोनला आपणहून येट्सचं करेक्शन लावतं (१९३४ चं आहे ते), प्रत्येक फरकातून अर्धा वजा करतं. बंद करता येतं. तुमच्याएवढ्या सॅम्पलला निष्कर्ष बदलत नाही, फक्त कुठलं वापरलं ते लिहा.

एक्स्पेक्टेड कुठे ५ च्या खाली गेला तर काय-स्क्वेअरऐवजी फिशरची एक्झॅक्ट टेस्ट. त्याचं उदाहरण चहाचं आहे, एक बाई म्हणाल्या की दूध आधी ओतलंय की चहा ते मला चवीवरून कळतं, तर फिशरने ८ कपांची परीक्षा कशी घ्यावी ते मांडलं, ४ असे ४ तसे. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर ओळखण्याची शक्यता ७० त १. एवढ्या थोड्या कपांवरही नीट बोलता येतं, कारण तिथे सगळ्या शक्यता मोजूनच उत्तर काढलेलं असतं. तुमच्याकडे सगळ्यात लहान एक्स्पेक्टेड ५४ आहे, तुम्हाला त्याची गरज नाही.

कळव्याची_पोर

वा, हाताने करून बघितलं आणि पहिल्यांदा कळलं की १२ सगळीकडे सारखा का येतो. खूप आभार दादा, आणि नौपाडेकर काका तुमचेही.

दोन शंका राहिल्यात. एक म्हणजे जे वेगळा करत नाहीत त्यांना कारण विचारलंय, पाच कारणं दिली होती आणि कितीही टिक करायची मुभा होती. त्याचं एकच मोठं टेबल करून टेस्ट लावू का? आणि दुसरं, घरं चार सोसायट्या आणि तीन चाळींतली आहेत, प्रत्येक ठिकाणी ५०. सेक्रेटरीची परवानगी एकदा मिळाली की सगळे मजले करून घेतले, त्याने काही बिघडत नाही ना?

ऐरोली_आकडे

पहिलं सोपं आहे. एकच मोठं टेबल नको. या टेस्टमध्ये एक घर एकाच चौकटीत आणि एकदाच बसलं पाहिजे. ज्या घराने तीन कारणं टिक केली ते तीनदा मोजलं जाईल आणि घरांपेक्षा बेरीज मोठी होईल. प्रत्येक कारणाचं वेगळं हो/नाही टेबल कर. पाच टेस्ट होतील, म्हणून पी-व्हॅल्यूची रेघ कडक ठेव, ०.०५ भागिले ५, म्हणजे ०.०१.

दुसऱ्याने मात्र बिघडतं, आणि हेच तुझ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात महत्त्वाचं आहे असं मला वाटतं, म्हणून जरा लांबण लावतो. टेस्ट धरून चालते की प्रत्येक घराचं उत्तर आपलं आपलं आहे, शेजारच्या घराशी त्याचा संबंध नाही. पण एका सोसायटीत कमिटीने ठरवलं की मिक्स कचरा उचलायचा नाही, तर ५० च्या ५० घरं हिरवा-निळा डबा ठेवणार. एका चाळीत नळाजवळ एकच मोठं पिंप असेल तर ५० च्या ५० त्यातच टाकणार. अशा वेळी तू ५० घरांना विचारलंस तरी कानावर जवळपास एकच निर्णय पुन्हा पुन्हा येतो.

याचा हिशोब करता येतो. एका इमारतीतली घरं एकमेकांसारखी किती, त्याचा एक आकडा असतो, ० म्हणजे अजिबात नाही आणि १ म्हणजे तंतोतंत. समजा तुझ्याकडे तो ०.१ निघाला, दिसायला अगदी किरकोळ. एका ठिकाणी ५० घरं असतील तर ५० मधून १ वजा करून ४९, गुणिले ०.१, अधिक १, म्हणजे ५.९. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात. तुझे ७.२९ या ५.९ ने भागले की उरतात १.२४. कुठे ३.८४ आणि कुठे १.२४! जे. एन. के. राव आणि स्कॉट यांनी १९८१ मध्ये अशा सर्व्हेंच्या आकड्यांसाठी काय-स्क्वेअर कसा दुरुस्त करायचा ते मांडलं, वर केलं ते त्याचंच सगळ्यात साधं रूप. हा ०.१ मी धरलाय, तुझा खरा आकडा तुझ्या डेटावरूनच काढ, गाईडना विचार, स्टॅटच्या डिपार्टमेंटमध्ये कोणीही करून देईल.

कोपरीचा_दादा

मी कचऱ्याच्याच कामात आहे, संस्थेतर्फे वस्त्यांमध्ये फिरतो, म्हणून एक सांगतो. चाळ आणि सोसायटी यात फरक दिसला म्हणून चाळीतल्या लोकांना पडलेली नाही असं कृपया लिहू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराने ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा द्यायचा हे सांगितलं होतं, पण दहा बाय बाराच्या खोलीत तीन डबे ठेवायचे कुठे, आणि घंटागाडी येते तेव्हा घरातले कामावर गेलेले असतात. सोसायटीत हाऊसकीपिंगवाला दारातून उचलतो. तुमच्या फॉर्ममध्ये गाडी किती वाजता येते, दारातून उचलतात का हे विचारलं असेल तर त्याप्रमाणे वेगळी टेबलं करून बघा. दारातून उचलणाऱ्या घरांचं एक, न उचलणाऱ्यांचं एक. फरक कदाचित निम्मा होईल, कदाचित उलटाही होईल.

नौपाडेकर

दादांचा मुद्दा लाख मोलाचा. बर्कली विद्यापीठाचं १९७३ चं उदाहरण बघा. पदव्युत्तर प्रवेशासाठी ८४४२ पुरुषांनी अर्ज केले, ४४ टक्क्यांना प्रवेश. ४३२१ महिलांनी केले, ३५ टक्क्यांना. काय-स्क्वेअर लावला तर प्रचंड मोठा येतो, संबंध नाही असं म्हणायला जागाच नाही. पण एकेक विभाग काढून बघितला तर बहुतेक ठिकाणी असा फरक नव्हता, एका मोठ्या विभागात तर महिलांचे ८२ टक्के आणि पुरुषांचे ६२. झालं असं की जिथे मुळातच फार कमी लोक घेतात अशा विभागांत महिलांनी जास्त अर्ज केले होते. १९७५ मध्ये हे सायन्स मासिकात छापून आलं. संबंध आहे एवढंच टेस्ट सांगते, तो कशामुळे आहे हे टेबलाबाहेर जाऊनच शोधावं लागतं.

दादांनी सांगितली तशी थरांची (दारातून उचलणारे, न उचलणारे) वेगळी टेबलं केली की ती एकत्र जोडायला मँटेल-हेन्झेल टेस्ट आहे, १९५९ ची.

कळव्याची_पोर

दारातून उचलतात का हे विचारलंय! वेळ नाही विचारली, पण ती चाळीतल्या मावशींना फोन करून कळेल.

आणि इमारती वाढवायचं ठरवलं, सबमिशनला अजून वेळ आहे. प्रत्येक ठिकाणी ५० ऐवजी १० घरं केली तर चालेल का दादा? की त्याहून कमी?

ऐरोली_आकडे

शाब्बास. त्याच ०.१ वर हिशोब कर. ३५० घरं ३५ इमारतींत १०-१० अशी वाटली तर डिझाइन इफेक्ट ५.९ वरून १.९ वर येतो, आणि ७.२९ भागिले १.९ म्हणजे ३.८४, अगदी रेघेवर. ५-५ केली तर इफेक्ट १.४ आणि उत्तर ५.२१. पण मग ७० सेक्रेटरी आणि चाळप्रमुख गाठावे लागतील, ते एकटीने होणारं नाही, त्यामुळे जमेल तेवढ्या जास्त इमारती आणि प्रत्येकीत ७-८ घरं धर. कुठली घरं घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरव, सगळी तळमजल्यावरचीच नकोत. आधीची ५०-५० टाकून देऊ नकोस, ती पण वापरता येतात, फक्त शीटमध्ये इमारतीच्या नावाचा कॉलम आजच घाल, प्रत्येक घरासमोर. तो नसेल तर वरचं काहीच काढता येणार नाही.