सिनेगॉगच्या वर्गात मुलांना शरीरसुरक्षा कशी शिकवावी?

अश्दोदकर: इस्रायलमधल्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) मुलांसाठी (वय ५ ते १०) शरीरसुरक्षेचे धडे बसवायचे आहेत. घरं धार्मिक आहेत. त्झनियुत, म्हणजे मर्यादा, आड येते म्हणून पालक अवयवांची नावं घेत नाहीत. शिवाय "यिहूद पाळतोच की आम्ही, परक्या बाई-पुरुषाला एकांत नाही, मग आणखी काय शिकवायचं?" असा सूर असतो. धडे कसे बांधावेत? आणि मुलानं काही सांगितलंच, तर आधी रब्बींकडे जायचं की पोलिसांकडे?

मोरा_दक्षिण: यिहूदवर विसंबू नका. तो परका पुरुष आणि ३ वर्षांपुढची मुलगी, किंवा परकी स्त्री आणि ९ वर्षांपुढचा मुलगा यांच्यापुरता. पुरुष आणि मुलगा यांना तो सहसा लागत नाही. बाप-लेक, बहीण-भाऊ यांनाही बरीच मोकळीक. म्हणजे बार मित्स्वाची (१३व्या वर्षीच्या धार्मिक विधीची) तयारी करून घेणारे गुरुजी नि मुलगा बंद खोलीत बसले तरी नियम मोडत नाही. भोक नेमकं तिथंच आहे. शिकवणीच्या खोलीचं दार उघडं ठेवा किंवा दाराला काच बसवा. मिक्वेला, म्हणजे शुद्धिस्नानाला, मुलगा वडिलांबरोबरच जाईल आणि अंग स्वतः पुसेल.

धडा १०-१५ मिनिटांचाच ठेवा, पण वर्षातून अनेकदा घ्या. पेसाह-सुक्कोत या सणांना घरी पाहुणे मुक्कामाला येतात, त्याआधी एक हवाच. अवयवांची खरी नावं शिकवा, मराठीत आणि हिब्रूतही. घरगुती लाडाचे शब्द चौकशीत कुणाला कळत नाहीत. गुपित आणि गंमत यातला फरक पुरीम सणाच्या वेषांतराच्या पोशाखावरून पटतो: पोशाख लपवतात, पण त्या दिवशी सगळ्यांना दिसतो. "कध्धीच कुणाला सांगू नकोस" म्हटलं, की ते सांगायचंच.

मिठी नको असेल तर आजीलाही नाही म्हणता यावं. प्रार्थनेनंतरची हातबोशी (एकमेकांच्या हातांना स्पर्श करून आपली बोटं ओठांना लावणं) हातांपुरती असते, तेवढी पुरे. (आजी रुसतील. रुसू द्या.)

कोस्टल_२२: वरच्यात एक भर. "जोरात नाही म्हण, पळ" एवढंच शिकवलं तर जे मूल भीतीनं थिजतं ते पुढे गप्प बसतं, कारण आपण नियम मोडला असं त्याला वाटतं. म्हणून लगेच जोडा: "नाही म्हणता आलं नाही तरी चूक तुझी नाही, आणि कितीही उशिरा सांगितलंस तरी चालेल." अनोळखी माणसाची भीती घालण्यात वेळ घालवू नका, बहुतेकदा माणूस ओळखीचाच असतो. प्रत्येक मुलाकडून विश्वासाच्या ५ मोठ्यांची नावं काढून घ्या. त्यातलं एक तरी घर आणि सिनेगॉग दोन्हींबाहेरचं हवं.

कायदा_आणि_मुलं: इस्रायलमध्ये १९८९ पासून कळवणं सक्तीचं आहे. मुलाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीनं त्याच्यावर अत्याचार केल्याचा वाजवी संशय आला, तर कल्याण अधिकारी किंवा पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सामान्य नागरिकाला ३ महिने, शिक्षक-डॉक्टरांना ६ महिने तुरुंगवास होऊ शकतो. पोलीस १००, कल्याण खात्याची मदतवाहिनी ११८.

रब्बींकडे सल्ल्याला जा, पण कळवून झाल्यावर. समाजातच चौकशी बसवली की आरोपीला कुणकुण लागते, कुटुंबावर दबाव येतो. लाशोन हारा, म्हणजे परनिंदा, हे कारण इथे टिकत नाही: "शेजाऱ्याच्या रक्तावर उभा राहू नकोस" हे धर्मग्रंथातल्या लेवीय १९:१६ मध्येच आहे. सबळ खुणा असतील तर सरकारी यंत्रणेला कळवावं, असं कट्टर धार्मिकांमधले मोठे धर्मशास्त्री रब्बी एल्याशिव यांनीही २००४ मध्ये लिहून ठेवलंय.

आणखी एक, मुलाला खोदून विचारू नका. १४ वर्षांखालच्या मुलांचा जबाब खास बाल-अन्वेषक घेतो. "काकांनी हात लावला का?" असं तुम्ही आधीच विचारलंत, तर बचाव पक्ष "हे मुलाच्या तोंडी घातलं" म्हणतो. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख टाका.

अश्दोदकर: शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, फोन वापरत नाहीत; तेव्हा कळलं तर?

मोरा_दक्षिण: मूल त्याच घरात किंवा त्या माणसाच्या आवाक्यात असेल तर हे पिकुआख नेफेश (जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडण्याची मुभा), फोन करायचाच. मुलांनाही हे वर्गात स्पष्ट सांगा, नाहीतर ती रात्र होईपर्यंत थांबतात.

ठाणेवाला: मुंबई-ठाण्यातल्या सिनेगॉगांसाठी: इथे पॉक्सो २०१२, कलम १९ नुसार कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. चाइल्डलाइन १०९८. बाकी धडे असेच चालतील.