मदत हवी आहे: बाबांचा ताशाचा जुना व्हिडिओ

रेणू_पुणे:
लिंक आहे, पण उघडत नाही. विसर्जन मिरवणूक, अलका चौक, बाबा ताशा वाजवतायत. चारेक मिनिटांचा असेल. यूट्यूबवर सगळं शोधून झालं. पुढच्या गुरुवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे, त्याआधी हवाय. प्लीज लवकर सांगा.

शनिवारातला:
कुठलं साल? कुठली साइट? त्याशिवाय कोण काय सांगणार?

जुना_कॅमेरा:
मिनीडीव्ही कॅसेट (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यातली छोटी) असेल तर आजच डिजिटल करून घ्या. फायरवायरचं पोर्ट (असा कॅमेरा जोडायची जुनी खाच) असलेला जुना कॉम्प्युटर शोधा. बुरशी धरली की संपलं. माझ्या मुंजीच्या दोन कॅसेट अशाच गेल्या.

रेणू_पुणे:
कॅसेट नाहीये हो, लिंक आहे! 2006 ची. ऑर्कुटवर (फेसबुकसारखी तेव्हाची साइट) स्क्रॅपमध्ये, म्हणजे मेसेजमध्ये आली होती, मी मेलमध्ये ठेवली.

टिळकरोड:
ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. आशा सोडा.

शनिवारातला:
ऑर्कुटवर नुसती लिंक असेल, व्हिडिओ दुसरीकडे. लिंकची सुरुवात सांगा.

रेणू_पुणे:
व्हिडिओ डॉट गूगल असं काहीतरी, मग डॉकआयडी, उणे चिन्ह आणि लांबलचक आकडा.

शनिवारातला:
हे पहिल्यांदाच सांगायचं ना! हे गूगल व्हिडिओ, यूट्यूबहून वेगळं. 2009 ला त्यावर नवीन व्हिडिओ घेणं थांबलं. 2012 मध्ये उरलेले व्हिडिओ यूट्यूबवर हलवले, पण खाजगी करून. म्हणजे तुम्ही कितीही शोधलंत तरी दिसणार नाही, ज्याने चढवला त्याच्याच खात्यात दिसेल. कोणी चढवला होता?

घाटपांडेवाडा:
वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं साठवणारी साइट) ती लिंक टाका, काम होईल.

टिळकरोड:
तिथे पान मिळतं, व्हिडिओ नाही. उगाच नादी लावू नका.

घाटपांडेवाडा:
सरसकट असं म्हणू नका. 2011 च्या एप्रिलमध्ये गूगलने गूगल व्हिडिओ बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा आर्काइव्ह टीमचे (बंद पडणाऱ्या साइट जपून ठेवणारा गट) स्वयंसेवक व्हिडिओ उतरवून घ्यायला लागले होते. निदान पानावरचं शीर्षक मिळालं तरी पुढचा शोध सोपा होतो.

ढोल_पहिली_रांग:
कुठलं पथक, ताई? मागे तीस ढोल असले तरी ताशा चुकला की सगळी रांग अडखळते. आम्ही वर्षानुवर्षं ताशेवाल्याच्या हातांकडे बघत वाजवलं, पण बघणाऱ्यांना फक्त ढोल आणि ध्वज लक्षात राहतात. हा व्हिडिओ मिळायलाच हवा.

रेणू_पुणे:
शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं पथक होतं. व्हिडिओ बाबांच्या मित्राने चढवला होता, कोथरूडचे काका. त्यांचं ते जीमेल कित्येक वर्षं बंद आहे.

टिळकरोड:
मग गेलंच. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकतं.

शनिवारातला:
2023 ला तो नियम सांगताना यूट्यूबवर व्हिडिओ असलेली खाती त्यातून वगळली होती. काकांसमोर बसून, त्यांच्याच फोनवरून पासवर्ड परत मिळवा. खातं उघडलं की यूट्यूब स्टुडिओत (आपण चढवलेले व्हिडिओ दिसतात तिथे) बघा.

जुना_कॅमेरा:
आणि शूटिंग कशावर केलं होतं तेही विचारा. मूळ कॅसेट त्यांच्या माळ्यावर असेल.

रेणू_पुणे:
काकांशी बोलले. जीमेलला जोडलेला मोबाइल नंबर अजून तोच आहे. कॅमेरा त्यांच्या मेव्हण्याचा होता, त्यांनाही विचारतायत. संध्याकाळी ऑफिसमधून थेट कोथरूडला जाते.