वर्गात टीव्ही आहे पण मुलं नुसती बघत बसतात, काय करू?

खडू_फळा: झेडपी शाळा, पाचवीला २८ पोरं. लोकवर्गणीतून ४३ इंची टीव्ही घेतलाय. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर स्कॅन करून दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचा व्हिडिओ लावतो, पोरं एकदम शांत, मला वाटतं वा काय लक्ष आहे, आणि नंतर अपूर्णांकावर एक प्रश्न विचारला की सगळे खाली बघतात. त्यात लाइटीचा भरवसा नाही.

गणितवाल्या_बाई: सर, सलग लावूच नका ओ. दीड-दोन मिनिटांनी पॉज करायचा आणि विचारायचं, आता पुढं काय होईल? वहीत लिहायला लावा, मग प्ले. ६ मिनिटांचा व्हिडिओ अख्खा तास खातो, खाऊ दे. आणि व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून न्या, शाळेत रेंज शोधत गच्चीवर चढायचे दिवस मी पण काढलेत 😄

सोलापूरकर: प्लिकर्स नावाचं प्रश्नोत्तरांचं ॲप वापरून बघा. मुलांकडं मोबाइल लागत नाही, प्रत्येकाला एक छापील कार्ड, ज्या बाजूवर ए-बी-सी-डी तील आपलं उत्तर असेल ती वर धरायची, आपण फोनचा कॅमेरा फिरवला की कोण चुकलं ते लगेच दिसतं. शेजाऱ्याचं बघून फायदा नाही कारण प्रत्येक कार्ड वेगळं. फक्त चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड चमकतो न् स्कॅन होत नाही, माझे पैसे गेले त्यात.

खडू_फळा: हे भारीये! झेरॉक्स पुठ्ठ्यावर चिकटवतो. लाइट गेली तरी चालेल ना?

सोलापूरकर: फोन चार्ज ठेवा आणि फोनवर नेट असू द्या म्हणजे झालं.