अभिजात कादंबऱ्या आणि कथासंग्रह : पुस्तक उचलण्याआधी काय बघता?

थोर पुस्तकांच्या याद्या ढिगाने मिळतात, त्यामुळे आणखी एक यादी नको. एखादी गाजलेली जुनी कादंबरी किंवा कथासंग्रह वाचायचं ठरलं, की नेमकी कुठली प्रत घ्यायची, सुरुवात कुठून करायची, गाडी कुठे अडते आणि का, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावं. आवडलं-नावडलं बाजूला ठेवून कामाचं तेवढं.

*

ग्रंथालयात पुस्तकं लावणाऱ्याकडून

मुखपृष्ठावर विसंबू नका. आतलं प्रकाशक-मुद्रकाच्या माहितीचं पान उघडा आणि तीन गोष्टी शोधा : मूळ प्रकाशनाचं साल, हातातली आवृत्ती कितवी, आणि अनुवाद असेल तर कुठल्या भाषेतून. त्यानंतर ‘संक्षिप्त’, ‘रूपांतर’, ‘पुनर्कथन’, ‘स्वैर अनुवाद’ यांपैकी काही छापलंय का ते बघा. हे शब्द बहुधा बारीक टायपात असतात, कधी कधी नसतातच.

नसतील तर साधी परीक्षा म्हणजे प्रकरणं मोजा. ‘मोबी डिक’ला (१८५१) १३५ प्रकरणं आहेत. ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये चार सफरी आहेत. मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्या बुटक्यांच्या आणि राक्षसांच्या देशांवरच थांबतात, आणि उपरोधाला खरी धार चढते ती चौथ्या सफरीत. ‘डॉन किहोते’चे १६०५ आणि १६१५ असे दोन भाग आहेत, एकाच भागाची प्रत पूर्ण कादंबरी समजून घेतली जाते. तीन-चारशे प्रकरणांची कादंबरी दोनशे पानांत बसलेली दिसली, तर कात्री लागली आहे हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक घोटाळा मूळ मजकुराचाच असतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये निघाली आणि १८३१ मध्ये लेखिकेने ती बरीच बदलली. दोन्ही पाठ आजही छापले जातात. आपल्या हातात कुठला आहे ते वाचायच्या आधी बघितलेलं बरं, नाहीतर चर्चेत दोघं दोन वेगळ्या पुस्तकांवर भांडत बसतात.

*

अनुवाद करणाऱ्याकडून

अनुवाद तपासायला पहिलं पान वापरू नका. पहिल्या पानावर सगळेच मेहनत घेतात. पुस्तकाच्या मध्याजवळचं एक संवादाचं पान आणि एक वर्णनाचं पान काढा. संवाद मोठ्याने वाचा. माणसं बोलतायत की निवेदन देतायत, हे दहा ओळींत कळतं. वर्णनाच्या पानावर वाक्याचं क्रियापद सापडेपर्यंत दोनदा मागे जावं लागलं, तर चारशे पानं तेच होणार आहे.

रशियन आणि फ्रेंच कादंबऱ्या मराठीत पुष्कळदा इंग्रजीवरून येतात. इथे एक नुकसान होतं, ज्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. या दोन्ही भाषांत मराठीसारखा ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असा भेद आहे आणि एखादं पात्र ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतं तेव्हा प्रसंगाचा रंगच पालटतो. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. मग मराठी अनुवादक अंदाजाने ठरवतो. एकाच प्रकरणात नवरा-बायको कारण नसताना कधी ‘अहो’ तर कधी ‘अरे’ करताना दिसले, तर गोंधळ पात्रांच्या मनात नाही, अनुवादात आहे.

इंग्रजीतून वाचणार असाल तर अनुवादाचं साल बघाच. जालावर फुकट मिळतात ते बहुतेक हक्क संपलेले जुने अनुवाद. त्यातले काही आजही उत्तम आहेत, काही भयंकर. ज्यूल व्हर्नच्या समुद्राखालच्या सफरीचा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी अनुवाद जवळजवळ चौथा हिस्सा गाळून छापलेला होता, आणि शास्त्रीय तपशिलांतही त्यात ढोबळ चुका होत्या. व्हर्न हा मुलांचा लेखक, हा समज पसरायला असे अनुवाद बरेच कारणीभूत आहेत. ‘युद्ध आणि शांती’मध्ये पहिल्याच ओळीपासून लांबलांब फ्रेंच संवाद आहेत. काही अनुवादक ते तसेच ठेवून तळटीपेत अर्थ देतात, काही सरळ भाषांतर करून टाकतात. तळटीपांनी दम लागणाऱ्यांनी दुसरा प्रकार खुशाल घ्यावा. खुद्द टॉलस्टॉयनेही १८७३ च्या आवृत्तीत फ्रेंचच्या जागी रशियन घातलं होतं.

*

वाचनगट चालवणाऱ्याकडून

मोठी कादंबरी सुटते ती कठीण असते म्हणून कमी आणि नावं लक्षात राहत नाहीत म्हणून जास्त. रशियन नावाचे तीन तुकडे असतात : स्वतःचं, वडिलांच्या नावावरून आलेलं आणि आडनाव. ‘गुन्हा आणि शिक्षा’चा (१८६६) नायक रोदिओन रोमानोविच रास्कोल्निकोव. आई त्याला रोद्या म्हणते. बहीण अवदोत्या रोमानोव्हना, घरात दून्या. दोघांच्या मधल्या नावात ‘रोमान’ आहे, म्हणजे बाप एक. एवढं कळलं की निम्मी नावं आपोआप जागेवर बसतात. पुस्तकखुणेच्या कागदावरच पाच-सहा मुख्य माणसांची पूर्ण नावं, त्यांच्यासमोर लाडाची नावं, असं लिहून ठेवा. वीसेक नावांची यादी करत बसू नका, ती कुणी उलटून बघत नाही. ‘वदरिंग हाइट्स’मध्ये कॅथरीन दोन आहेत आणि ‘एकांताची शंभर वर्षं’मध्ये ऑरेलियानो पिढ्यान्‌पिढ्या येत राहतात. तिथे यादी पुरत नाही, वंशवृक्षच काढावा लागतो. काही आवृत्त्यांत तो छापलेला असतो, पण पुढच्या लग्नांचा आणि मृत्यूंचा सुगावा त्यातून लागतो, म्हणून आपला आपण वाढवत नेलेला बरा.

दुसरं, अडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. ‘मोबी डिक’ ३२ व्या प्रकरणाशी सुटते, कारण तिथे देवमाशांचं वर्गीकरण सुरू होतं. ते चाळून पुढे गेलात तर कथानकाचं काही बिघडत नाही. ‘ले मिझराब्ल’च्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वॉटर्लूच्या लढाईची १९ प्रकरणं आहेत. तीही चाळा, पण शेवटचं, रात्रीच्या रणभूमीवरचं प्रकरण नीट वाचा. तिथे भेटलेला माणूस पुढे फार लागतो. संक्षिप्त आवृत्ती घेण्यापेक्षा पूर्ण प्रत घेऊन अशी चाळणी स्वतः करावी, असं माझं ठाम मत आहे. गाळलेलं निदान हाताशी तरी राहतं.

वेग म्हणाल, तर जुन्या कादंबऱ्या बऱ्याचदा नियतकालिकांतून क्रमशः आलेल्या आहेत. एक-दोन प्रकरणं वाचून थांबायचं, हा त्यांचा मूळ बेतच आहे. ‘युद्ध आणि शांती’ची प्रकरणं साडेतीनशेहून जास्त, पण बहुतेक पाच-सहा पानांच्या आतली. रोज एक धरलं तर वर्षभरात निवांत होते. उलट ‘इव्हान इलिचचा मृत्यू’सारखी दीर्घकथा तुकड्यांत वाचू नये. ती एका किंवा दोन बैठकींत संपवण्याचीच चीज आहे.

*

प्रस्तावना आधी वाचू नका. नामवंत समीक्षकाची असली तर मुळीच नाही. जुन्या कादंबरीचा शेवट सगळ्यांना माहीतच आहे असं धरून समीक्षक लिहितात आणि तिसऱ्या परिच्छेदात नायिका मरते. लेखकाचं स्वतःचं मनोगत चार पानांच्या आत असेल तर चालेल. मलपृष्ठावरचा मजकूरही तसाच संशयास्पद.

*

कथा शिकवणाऱ्याकडून

कथासंग्रह निवडताना पहिला प्रश्न : हा लेखकाने स्वतः लावलेला संग्रह आहे, की मागाहून कुणी निवडलेला? दोन्ही वाचायची पद्धत वेगळी. जॉइसच्या ‘डब्लिनर्स’मध्ये (१९१४) १५ कथा आहेत. सुरुवातीच्या लहान मुलांच्या, मग तरुणांच्या, मग प्रौढांच्या, मग सार्वजनिक जीवनाच्या, आणि शेवटी सगळ्यांत लांब कथा. इथे मधूनच उघडून वाचलं तर रचना हातून जाते. याउलट ‘निवडक’ किंवा ‘प्रातिनिधिक’ संग्रहातला क्रम संपादकाचा. तो मोडायला हरकत नाही. फक्त प्रत्येक कथेचं साल दिलंय का ते बघा. चेखवच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. टोपणनावाने लिहिलेल्या सुरुवातीच्या विनोदी चुटकुल्यांत आणि ‘वॉर्ड नंबर सहा’ (१८९२) लिहिणाऱ्या चेखवमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साल नसेल तर पानं मोजा : तीन-चार पानांची असेल तर बहुधा आधीची, वीसच्या पुढे गेली तर नंतरची. मोपासांचे जुने इंग्रजी ‘समग्र’ संच जपून घ्या. त्याने न लिहिलेल्या कथाही त्यांत त्याच्या नावावर खपवलेल्या आहेत.

जी. ए. कुलकर्णी वाचायला घेणारे हमखास ‘काजळमाया’पासून किंवा थेट ‘रमलखुणा’पासून सुरू करतात आणि दबून जातात. ‘रमलखुणा’मध्ये दोनच दीर्घकथा आहेत, त्याही रूपकाच्या अंगाने जाणाऱ्या. आधी ‘निळासावळा’ (१९५९) आणि ‘पारवा’ (१९६०) घ्या. तिथली माणसं, घरं, नाती ओळखीची वाटतात. मग ‘काजळमाया’ (१९७२) उघडली की तोच लेखक किती दूर निघून आला आहे ते दिसतं. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’साठी (१९६३) असली पूर्वतयारी लागत नाही. मात्र एका बैठकीत एकाहून जास्त कथा नकोत.

जाडजूड ‘समग्र कथा’ हा कपाटात ठेवायचा माल. वाचायला १२-१५ कथांचा सुटा संग्रह घ्यावा. सलग दहा कथा वाचल्या की आठव्या कथेपर्यंत लेखकाची शेवट करण्याची लकब पाठ होते, आणि मग दोष उगाच लेखकावर जातो.

*

लेखकाने लावलेला क्रम पाळावा, हे वरचं म्हणणं मला सरसकट पटत नाही. बरेच संग्रह म्हणजे मासिकांत आलेल्या कथांची मोळी असते आणि पहिली कथा शीर्षकाच्या मोहाने लावलेली असते. अनुक्रमणिका बघून मधल्या लांबीच्या दोन कथा आधी वाचाव्यात. त्या लागल्या तरच पहिल्या पानावर यावं.

*

जुनं मराठी वाचणाऱ्याकडून

१९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘तें’, ‘लक्षांत’ असे अनुस्वार पानभर दिसतात. डोळ्यांना त्याची सवय व्हायला तीस-चाळीस पानं लागतात. तेवढ्यात पुस्तक ‘जड’ ठरवू नका. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ प्रत्यक्षात एका मुलीने सांगितलेली हकीकत आहे आणि भाषा चक्क बोलती आहे. ती क्रमशः छापली गेली होती, त्यामुळे पाल्हाळ आहे, ते धरूनच बसा.

बोलीचं तंत्र निराळं. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधले (१९६०) वऱ्हाडी संवाद डोळ्यांनी अडतात, ओठांनी सुटतात. पुटपुटत वाचा, कोश नंतर उघडा.

पहिल्यांदाच घेणाऱ्याने जाडीला भिऊ नये, पण सुरुवात छोट्यापासून करावी : ‘रणांगण’ (१९३९) किंवा ‘बनगरवाडी’ (१९५५). त्यातही पुनर्मुद्रण घेताना पानं उजेडात धरून बघा. नव्याने अक्षरजुळणी केलेल्या आवृत्तीत ओळी गळतात, अवतरणचिन्हं उलटीपालटी होतात, दोन परिच्छेदांमधली मोकळी ओळ नाहीशी होते. कादंबरीत त्या मोकळ्या ओळीने काळ बदललेला असतो. ती गेली की सकाळचा प्रसंग आणि सहा महिन्यांनंतरचा प्रसंग एकाच दमात वाचला जातो, आणि वाचणारा मागे जाऊन आपलंच काय चुकलं ते शोधत बसतो.