शब्दचर्चा: वेगात स्टिअरिंग जड, घट्ट की भारी?

लोहामंडीकर: खानदेशातून इंदूरला माल आणणाऱ्या ट्रकचालकांसाठी एक पुस्तिका मराठीत करतोय. इलेक्ट्रॉनिक पॉवर स्टिअरिंगबद्दल लिहिलं, 'वेग वाढल्यावर साहाय्य कमी होते.' एका जुन्या ड्रायव्हरला वाचून दाखवलं, तर म्हणे, "पावर गेली ना? मग गॅरेजला टाकायची." 'जड होते' लिहिलं तरी तेच, कारण जड ही तक्रारच असते. हा जडपणा मुद्दाम दिलेला आहे, हे कसं सांगावं?

सरळरेषा: 'वेगानुसारी सुकाणू-साहाय्य'. झालं काम.

पीथमपूरवाला: काम झालं, ड्रायव्हर पळाला. आधी आत काय चालतं ते बघा. पंप इंजिनावर फिरतो आणि स्टिअरिंग बॉक्सला दाबाखाली तेल देतो. हातातलं चाक फिरवलं की आतली टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी सळई, किंचित पिळते. जितका पीळ तितका व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल पिस्टनला ढकलतं. पण गाडी यार्डात वळतेय की बायपासवर ६० ने धावतेय, हे त्या बारला काय ठाऊक? म्हणून वेगाचा सिग्नल कंट्रोल युनिटला देतात. ते सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाचा, करंट बदलतं आणि वेग वाढेल तसा व्हॉल्व्ह उघडायला होणारा विरोध वाढतो. तेवढ्याच मदतीसाठी हाताला जास्त जोर लागतो. पुढच्या एक्सलवर सहा-सात टन घेऊन उभ्या गाडीची चाकं वळवायची तर पूर्ण मदत हवीच, पण तीच मदत वेगात मिळाली तर शिंक आली तरी गाडी लेन सोडेल. आणि त्या ड्रायव्हरला सांगा, इलेक्ट्रॉनिक्स बंद पडलं तरी तेलाची मदत मिळते. तेलही गेलं तरी स्टिअरिंग पुढच्या चाकांना लोखंडानं जोडलेलंच असतं, फक्त घाम निघतो. मी 'घट्ट होतं' लिहीन.

सराफ्यातला: घट्ट म्हणजे ग्रीस संपलं. आम्ही इंदुरात सरळ 'भारी' म्हणतो.

सदाशिवपेठी: पुण्यात वाचणारा म्हणेल, वा, झकास स्टिअरिंग आहे!

सराफ्यातला: मग खोटं काय त्यात? पुण्याच्या भाचीला स्टेशनवर म्हटलं, "तुझी बॅग भारी आहे गं." थँक्यू म्हणून पुढे निघाली. बॅग माझ्याच हातात.

सरळरेषा: ही हिंदीची लागण. 'सुकाणू'सारखा अस्सल मराठी शब्द असताना स्टिअरिंग कशाला?

माळवी_मोडी: अस्सल? मूळ अरबी 'सुक्कान'. आणि सुकाणू असतं जहाजाच्या मागच्या टोकाला. ट्रक काय रिव्हर्समध्ये मुंबईला न्यायचा? होळकरशाहीच्या कागदांत पावलोपावली फारसी आहे, म्हणून ते मराठी नाहीत का?

सदाशिवपेठी: 'भारी' हिंदीतून आलं हेही चूक. भार, भारदस्त, भरजरी, सगळी एकच भावकी.

माळवी_मोडी: भरजरीला भारात कशाला ओढता? त्यातला 'भर' वेगळा. भरगच्च, भरदार यांच्यातला.

पीथमपूरवाला: मूळ प्रश्न अजून अवघड करतो. व्होल्वोनं २०१३ मध्ये आणलेल्या यंत्रणेत हायड्रॉलिक बॉक्सवर इलेक्ट्रिक मोटर बसवली आहे. कंपनी म्हणते, ती सेकंदाला २००० वेळा दुरुस्ती करते. खड्ड्याचा झटका हातापर्यंत येऊ देत नाही, हातातून सोडलेलं स्टिअरिंग आपणहून सरळ करते. ह्याला नुसतं 'साहाय्य' कसं म्हणायचं? वेळ पडली तर ती उलटा जोरही लावते.

लोहामंडीकर: 'वेगात स्टिअरिंग आवळून येतं, हा बिघाड नाही' असं लिहिलं तर?

सरळरेषा: आवळतात ते गळे. शिवाय 'साहाय्य' की 'सहाय्य' हे आधी ठरवा. बाकी पानांवर दोन्ही दिसतंय.

सदाशिवपेठी: 'साहाय्य'च. सहाय म्हणजे मदत करणारा, त्यावरून साहाय्य.

सराफ्यातला: आमच्या मंडळाच्या पावतीवर 'सहाय्य निधी' छापलंय. वर्गणी बिनबोभाट येते.

सदाशिवपेठी: वर्गणी येते म्हणून व्याकरण शुद्ध होत नाही.

सराफ्यातला: पावतीपुस्तक संपल्यावर कळवतो.