‘प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न :
मामांच्या छातीत पाणी झालंय, आणि रिपोर्टवर ‘प्रायमरी इफ्यूजन लिम्फोमा’ असं निदान आलंय. मामींना सगळं मराठीत लिहून द्यायचं आहे. शब्दाला शब्द ठेवला तर ‘प्राथमिक निःस्राव लसीकार्बुद’ होतं. ‘प्राथमिक’ वाचून आजार सुरुवातीलाच सापडला असं त्या समजतील, ही भीती वाटते. खाली ‘ह्युमन हर्पिसव्हायरस ८ पॉझिटिव्ह’ असंही आहे. त्याला नागिणीचा विषाणू म्हणू का?

उत्तर :
ताई, ‘प्राथमिक’ अजिबात नको. ‘इफ्यूजन’ म्हणजे शरीराच्या पोकळीत साठलेलं पाणी, आणि इथे ‘प्रायमरी’चा अर्थ एवढाच की आजार दुसरीकडून पसरत त्या पाण्यात आलेला नाही, तिथेच उपजला. ‘मूळचा पाण्यातला’ म्हणा. हा लिम्फोमा (लसीका पेशींचा कर्करोग) वेगाने वाढतो, खोटा दिलासा देणारा शब्द टाळायलाच हवा.

नागीणही नको. ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. कूळ एक, विषाणू वेगळा. हा आठवा विषाणू युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी १९९४ मध्ये कापोसी सार्कोमा या दुसऱ्या एका कर्करोगाच्या गाठींत शोधला. पुढच्याच वर्षी तो या लिम्फोमातही असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि आज तो पेशींत दाखवल्याशिवाय हे निदान पक्कं होत नाही. एचआयव्ही असलेल्यांत हा आजार जास्त दिसतो, पण अवयव-प्रत्यारोपण झालेल्यांना आणि वयस्कांनाही होतो. तेव्हा नुसत्या नावावरून नातेवाइकांनी तर्क लढवू नयेत.

दुसरं उत्तर :
माझा आक्षेप ‘अर्बुद’ला आहे. अर्बुद म्हणजे गाठ, आणि या आजारात बहुतेकदा गाठच नसते. कर्करोगाच्या पेशी पाण्यात सुट्या असतात. पूर्वीचं इंग्रजी नावही ‘शरीराच्या पोकळीतला लिम्फोमा’ अशाच अर्थाचं होतं. मामी स्कॅनमध्ये गाठ शोधत बसतील, नाही सापडली तर निदानावरच शंका घेतील. ‘लिम्फोमा’ तसाच ठेवा, पुढे ‘लसीका पेशींचा कर्करोग’ लिहा.

‘इफ्यूजन’ला ‘निःस्राव’ कशाला? पोटात साठलं तर आपल्याकडे जलोदर म्हणतात, छातीत साठलं तर ‘पाणी झालं’. फक्त ‘फुफ्फुसात पाणी’ लिहू नका. हृदय कमजोर झाल्यावर फुफ्फुसाच्या आत पाणी भरतं, ती गोष्ट निराळी. हे पाणी फुफ्फुसाबाहेर, आवरणाच्या दोन पदरांमध्ये आहे. ‘फुफ्फुसाभोवती’ हाच शब्द बरोबर.

प्रश्नकर्ती :
आभार. पण ‘छातीत पाणी’ म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना टीबीच आठवतो. मामांनाही आधी तेच वाटलं होतं.

पहिलं उत्तर देणारे :
साहजिक आहे, आपल्या देशात अशा पाण्यामागे टीबी पुष्कळदा असतो. शिवाय टीबीसाठी पाण्याची जी एडीए चाचणी करतात, ती लिम्फोमातही वाढलेली येऊ शकते. म्हणून पाण्यातल्या पेशी तपासाव्या लागतात. मामींच्या कागदावर हे नक्की लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी ‘टीबीची औषधं चालू करा’ म्हणत राहील. मी असं लिहीन : “फुफ्फुसाभोवती साठलेल्या पाण्यातच सुरू झालेला, लसीका पेशींचा दुर्मीळ कर्करोग (लिम्फोमा). हा टीबी नाही. गाठ नसली तरी कर्करोगच आहे.”

दुसरं उत्तर देणारी :
‘दुर्मीळ’ राहू द्या. तो शब्द डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. बऱ्याच लिम्फोमांत देतात ते रिटुक्सिमॅब हे औषध इथे सहसा लागू पडत नाही, कारण ते ज्या खुणेवर जाऊन चिकटतं ती या पेशींवर बहुधा नसते. शेजारच्या कुणाला लिम्फोमात त्याने गुण आला असेल, तर ‘मामांना का देत नाहीत’ हे मामी विचारणारच. तीही एक ओळ लिहून ठेवा.